आधी तुटावं ते काय?

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव. दिवाळीच्या आधी इथल्या फटाक्यांसाठी लांबलांबून गिऱ्हाईक येतं. मी हा संवाद ऐकला तो मात्र रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडात. तिथे एरवी रोटाव्हेटर, मळणी यंत्रं आणि ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची कामं चालतात.

शेडाचे मालक म्हणजे मामा. उमेदीची काही वर्षं त्यांनी फटाक्यांच्या कारखान्यात काढली, नंतरची तीस गिअरबॉक्स खोलण्या-बसवण्यात. समोर त्यांची भाची, मेकॅनिकल पदविकेच्या शेवटच्या वर्षाची. दोघांच्या मध्ये स्टीलचं जेवायचं ताट, आणि ताटात दोन मिलिमीटर जाडीचे स्क्रू, तांदळाएवढ्या बेअरिंगा, कागदापेक्षा जरा जाड अशा चकत्या आणि बोटाच्या पेराएवढे चार पांढरे गिअर. किलोच्या आत वजन असलेल्या, रेडिओवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरची शेपूट त्या ताटात पडली होती. वाद होता ती पट्ट्यावर फिरवायची की गिअरवर, याचा.

मामा: मागच्या वर्षी हेच हेलिकॉप्टर पट्ट्यावर चांगलं उडत होतं ना? मग पट्टा काढून ही दांडी आणि एवढे गिअर कशाला घालतेस गं? चालत्या गाड्याला खीळ.

भाची: उडत होतं मामा, पण शेपूट स्थिर राहत नव्हती. नवा पट्टा चार दिवसांत जरासा सैल पडतो. तो ओढायचा राहिला की दाता पुलीवरून उडी मारतो. हा कडबाकुट्टीचा पट्टा नाही, इंजिनाच्या टायमिंग बेल्टसारखा दात्यांचा आहे. एक दाता चुकला तरी शेपटीला झटका बसतो.

मामा: कडबाकुट्टीत पेंडी अडकली की पट्टा घसरतो आणि मोटार वाचते. पट्ट्याचा तोच तर गुण आहे. गिअर घसरत नाही, गिअर मोडतो.

भाची: घसरलेलं कडबाकुट्टीला चालतं, शेपटीला चालत नाही. तुम्हीच सांगा, हातातल्या ड्रिल मशीनचा बिट लोखंडात अडकला तर काय होतं?

मामा: मनगट फिरतं. बिट फिरायचा थांबला की मशीन फिरतं.

भाची: हेलिकॉप्टरचं तेच. वरची पाती एका बाजूला फिरतात, म्हणून सगळा सांगाडा उलट्या बाजूला फिरायला बघतो. त्याला धरून ठेवणारं मनगट म्हणजे शेपटीचा पंखा. सिकोर्स्की यांनी 1939 मध्ये व्हीएस-300 उडवलं, त्यानंतर वर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक लहान पंखा हीच ठेवण रूढ झाली. आता या यंत्राचा हिशोब बघा. मुख्य पाती मिनिटाला 2,500 फेरे घेतात. शेपटीचा पंखा त्याच्या सव्वाचार पट, म्हणजे साडेदहा हजारांच्या आसपास. सेकंदाला पावणेदोनशे फेरे. एवढ्या वेगात पट्टा जराही डगमगला की शेपटीला ते लगेच कळतं.

मामा: म्हणजे माळावरच्या पवनचक्कीसारखं. पातं सावकाश फिरतं आणि आतला गिअरबॉक्स फेरे वाढवून जनित्राला देतो.

भाची: अगदी तसं. आणि पवनचक्क्यांतही गिअरबॉक्स नसलेली जात असते, तशी इथंही आहे. काही लहान हेलिकॉप्टरांत शेपटीलाच वेगळी मोटार लावतात. ना पट्टा, ना गिअर.

मामा: मग तेच घ्यायचं होतं! सगळा वादच मिटला असता.

भाची: मोटार बंद पडली तर? माझ्या यंत्रात शेपटीचा गिअर मुख्य दांड्याला पक्का बांधलेला आहे, आणि मोटारीचा मोठा गिअर त्याच दांड्यावर एकेरी बेअरिंगमधून बसतो. हे म्हणजे सायकलचं फ्रीव्हील. पायडल थांबलं तरी चाक पळतं, तशी मोटार थांबली तरी वरची पाती वाऱ्यावर फिरत राहतात आणि शेपटीलाही फिरवत ठेवतात. बॅटरी उतरून मोटार थांबली तरीही यंत्र सरळ तोंडानं खाली उतरवता येतं. वेगळ्या मोटारीच्या शेपटीला ही सोय नाही.

मामा: हे मला पटलं. पण ते बेअरिंग उलटं बसलं तर?

भाची: तर मोटार नुसती फिरेल आणि पाती जागच्या जागी राहतील. म्हणून बसवल्यावर आधी बोटानं फिरवून बघायचं. एका बाजूला धरलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला सुटलं पाहिजे.

(तिनं दांडा मामांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्हीकडे चार वेळा फिरवला, मान हलवली आणि ताटाच्या कडेला ठेवला.)

मामा: आता माझं ऐक. ही दोन वळणं मला दिसताहेत. एक पुढे, जिथून फिरणं दांडीत जातं, आणि एक मागे, जिथून ते पंख्यात जातं. दोन्हीकडे नव्वद अंश. हा सरळसरळ रोटाव्हेटर झाला. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांनी शाफ्ट फिरवतो, तो गिअरबॉक्समध्ये शिरतो आणि क्राउन-पिनियन त्याला आडवा वळवतात. तीस वर्षं मी हेच खोलतोय. पण तो गिअर तेलात बुडालेला असतो, वर झाकण असतं, सील असतं. तुझा पुढचा गिअर उघडा आहे. आपल्या रानातली माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. उघडा गिअर धुळीत मरतो, पोरी. पट्ट्यावर धूळ बसली तर झटकता येते.

भाची: मग पट्ट्याबद्दल अजून एक सांगते. गेल्या उन्हाळ्यात यंत्र अधूनमधून आपोआप हिसका खायचं. मी रेडिओ बदलला, तारा बदलल्या, फरक पडेना. शेवटी कळलं की कोरड्या हवेत पट्टा पुल्यांवर घासून वीज साठवत होता. साठली की ठिणगी पडायची आणि रिसिव्हर गोंधळायचा. व्हॅन डी ग्राफ नावाच्या शास्त्रज्ञानं 1929 मध्ये पट्टा फिरवूनच लाखो व्होल्ट निर्माण करणाऱ्या यंत्राची सुरुवात केली. माझ्या शेपटीत त्याचंच पिल्लू बसलं होतं.

(मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत.)

मामा: ही वीज मला शिकवू नकोस. कारखान्यात पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं होतं. अंगावर सुती कपडे, नायलॉन चालणार नाही. दारूच्या खोलीत पाय टाकायच्या आधी जमिनीत गाडलेल्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा. हत्यारं पितळी किंवा लाकडी, लोखंडी नाहीत. अंगातली वीज दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि तिच्याबाबतीत माणूस एकदाच चुकतो. पण या उडत्या यंत्राला अर्थिंग कुठून देणार तू?

भाची: हवेत जमीन कुठली? म्हणून शेपटीची नळी, मोटारीची बैठक आणि सांगाडा तारेनं एकमेकांना जोडायचे. सगळे धातू एका पातळीवर राहिले की त्यांच्यात ठिणगी पडायला जागा उरत नाही. मोठ्या विमानांतही धातूचे भाग असेच जोडलेले असतात.

मामा: मग तार जोड आणि पट्टा ठेव. दोष समजला, उपाय समजला. रोग बरा होत असेल तर पाय कशाला कापायचा?

भाची: तुमचं चुकत नाही. तार जोडल्यावर हिसका थांबलाही होता. पण सैल पडण्याचं काय? मला शेपूट अशी हवी की मी रिमोटची काठी जेवढी हलवली तेवढीच ती हलली पाहिजे. ते गिअरमध्ये मिळतं.

मामा: बरं, गिअर घाल. पण ग्रीस भरपूर लाव.

भाची: नाही मामा. बंद डब्यातल्या मागच्या जोडीला अगदी थोडंसं, आणि पुढच्या उघड्या गिअरला काहीच नाही. हे नायलॉनच्या जातीचे आहेत, कोरडे चालतात. ग्रीसला धूळ चिकटते.

मामा: (जरा थांबून) व्हॉल्व्ह घासायची पेस्ट.

भाची: काय?

मामा: इंजिनाचा व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासून बसवतो ना, त्याला पेस्ट लागते. ती काय असते? ग्रीस आणि त्यात कठीण भुकटी. लोखंड खाते ती. उघड्या गिअरला ग्रीस लावून आपल्या मातीत उडवलंस तर तीच पेस्ट घरच्या घरी तयार होईल. तू म्हणतेस ते बरोबर. कोरडाच ठेव, आणि प्रत्येक उडाणानंतर ब्रशनं झाड.

इथवर भाचीचं पारडं जड होतं. ते फिरलं तिनं पिशवीतून चकचकीत स्टीलच्या बेव्हल, म्हणजे फिरणं आडवं वळवणाऱ्या, गिअरची जोडी काढली तेव्हा. नायलॉनचे दात जमिनीला शेपूट लागली की सोलून निघतात, तेव्हा एकदाच स्टीलचे बसवून टाकू, म्हणजे कटकट मिटेल, असा तिचा बेत होता.

मामा: हे ठेव परत पिशवीत.

भाची: का बरं? गिअर मोडतो म्हणून तुम्हीच ओरडत होता. हा मोडणार नाही.

मामा: म्हणूनच. रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट का असतो? दगड लागला की तो बोल्ट तुटावा आणि बाकी सगळं वाचावं. असे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. बोल्ट सारखा तुटतो म्हणून वैतागून त्यांनी त्या जागी जाड पोलादी बोल्ट ठोकला होता. पुढच्या दगडाला बोल्ट शाबूत राहिला आणि गिअरबॉक्स फुटला. पन्नास रुपयांचं नुकसान त्यांनी हजारोंवर नेलं. यंत्रात काहीतरी तुटणारच असतं बाळा. काय तुटावं हे आधी आपण ठरवायचं, आणि ते स्वस्त असावं, बदलायला सोपं असावं. तू स्टील घातलंस की शेपूट जमिनीला लागल्यावर दांडी पिळवटेल, नाहीतर बेअरिंगची जागा फुटेल. नायलॉन राहू दे.

भाची: पण रोटाव्हेटर जमिनीवर असतो, मामा. बोल्ट तुटला तर ट्रॅक्टर उभा राहतो, शेतकरी खाली उतरून नवा घालतो. माझा गिअर हवेत सोलला तर शेपूट मेली. यंत्र गरगरत खाली येईल. हवेत स्वस्त तुकडा तुटला तरी सगळंच तुटतं.

मामा: (बराच वेळ विचार करून) हे मात्र माझ्या धंद्यात कधी आलं नव्हतं.

भाची: मोठ्या हेलिकॉप्टरला तर असं ठेवताच येत नाही. 2018 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात एक हेलिकॉप्टर फुटबॉलच्या मैदानातून उठलं आणि काही क्षणांत पडलं. पाच माणसं गेली. चौकशीत निघालं की शेपटीच्या पंख्याचं नियंत्रण करणारं एक बेअरिंग जाम झालं होतं. एक बेअरिंग, मामा.

मामा: लांब कशाला जातेस. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी आठव. 2021 चा ऑगस्ट. चोवीस वर्षांचं पोरगं, पत्र्याची, वेल्डिंगची कामं करणारं. स्वतःच्या हातानं बसायचं हेलिकॉप्टर केलं होतं त्यानं. चाचणीत शेपटीचं पातं तुटलं, ते वरच्या पात्यावर आदळलं आणि वरचं पातं त्याच्या डोक्यात बसलं. बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. हाताला कसब असलेला, माझ्याच जातकुळीचा माणूस होता तो. त्याच्याजवळ उभं राहून ‘आधी शेपूट तपासू, आणि तू आत बसू नकोस’ एवढं म्हणणारं कोणी असतं तर!

शेडात थोडा वेळ महामार्गावरच्या ट्रकांचाच आवाज होता. मग वादाचा सूर बदलला.

भाची: मग उत्तर असं दिसतंय. ज्यात माणूस बसतो, त्यात शेपटीचा कुठलाच भाग तुटण्यासाठी ठेवता येत नाही. प्रत्येक भाग मोजून, ठरलेल्या तासांना बदलून वापरावा लागतो. माझ्यात माणूस बसत नाही. माझ्यात नायलॉन चालेल, कारण ते तुटलं तर यंत्र जाईल, माणूस जाणार नाही. पण एक अट आहे. माणूस त्याच्या टप्प्यात उभा असता कामा नये.

मामा: आणि दुसरी अट माझी. शेपूट एकदा जरी जमिनीला घासली तरी ते गिअर बदलायचे, दिसायला कितीही चांगले असोत. दाताच्या मुळाशी पडलेली चीर डोळ्याला दिसत नाही. जादा जोडी पिशवीत ठेव. स्टीलची विकून टाक.

भाची: कबूल. चला, आता बसवून टाकू.

पुढची दोन तासांची मेहनत इथे सांगतो, कारण पट्टा की गिअर हा वाद कोणीही घालेल, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं.

धातूत जाणारे स्क्रू सैल पडू नयेत म्हणून लावायचं निळं थ्रेडलॉक तिनं आधी बाजूला काढलं. हा द्राव हवा बंद झाली आणि धातू भेटला की घट्ट होतो. म्हणून स्क्रूवरचं तेल आधी स्पिरिटनं पुसावं लागतं, नाहीतर तो धरतच नाही. एक थेंब टाचणीच्या टोकानं आट्यांवर लावायचा. जास्त झाला तर तो वाहत बेअरिंगमध्ये जातो आणि ते जाम होतं. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो लावायचाच नाही, कारण काही प्लास्टिकं त्यानं ठिसूळ होतात. मामांनी चष्मा लावून प्रत्येक स्क्रू पुसला. तिनं दीड मिलिमीटरच्या एलन-कीनं ते आवळले. मनगटाचा जोर लावायचा नाही, दोन बोटांत जेवढा येईल तेवढाच.

मग दातांत दात बसवायचं काम आलं. मुख्य गिअर आणि पिनियनच्या मध्ये तिनं वहीच्या कागदाची पट्टी धरली, दोन्ही दाबून स्क्रू आवळले आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या होत्या, कागद फाटला नव्हता. फाटला असता तर दात फार घट्ट, घड्या पुसट असत्या तर फार सैल. मागच्या बेव्हल जोडीला ही युक्ती चालत नाही, तिथे जागा नसते. तिथे गिअरच्या पाठीमागे पातळ चकती म्हणजे शिम घालून किंवा काढून दातांतली फट ठरवतात.

तिनं एक शिम घातली, डबी बंद केली, दांडी फिरवली आणि म्हणाली, “बसलं.” मामांनी डबी हातात घेतली, कानाशी नेली आणि डोळे मिटून पंखा हळूहळू फिरवला. एक पूर्ण फेरा, मग दुसरा. तिसऱ्या फेऱ्यात त्यांचं बोट थांबलं. “इथं अडतंय. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी.” तिनं फिरवलं, तिला काही लागलं नाही. मामांनी तिचं बोट आपल्या बोटाखाली धरून फिरवलं, तेव्हा लागलं. केसाएवढा अडथळा, फेऱ्यात एकदाच. डबी उघडली, आधीची काढून त्याहून पातळ शिम घातली, पुन्हा बंद केली. आता पंखा सगळीकडून सारखा फिरत होता, आणि फिरवणं सोडून मागेपुढे हलवलं तर दातांतली फट जेमतेम जाणवत होती. ज्या अडथळ्याचा हाताला संशय यावा लागतो, तो सेकंदाला पावणेदोनशे वेळा घासला तर तासाभरात दात संपतात.

भाची: मला का नाही लागलं ते?

मामा: तू बसलं असं ठरवून फिरवत होतीस. मी बसलं नसेल असं धरून फिरवत होतो.

उडवण्याची जागा ठरवायची होती. भाचीला गावाजवळचा मोकळा माळ सोयीचा वाटत होता. मामांनी साफ नाही म्हटलं. फटाक्यांचे कारखाने आणि गोदामं जिथून दिसतात तिथे हे यंत्र उडवायचं नाही. आत लिथियम पॉलिमरची बॅटरी आहे. पडून ती चिरडली तर पेट घेते, आणि पाण्यानं ती आग सहज आवरत नाही. भाचीनं वाद घातला नाही. यंत्र सतत डोळ्यांसमोर राहील अशी जागाही हवी होती. केंद्र सरकारच्या 2021 च्या ड्रोन नियमांतही शिक्षणासाठी किंवा छंदासाठी उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलची व्याख्या ‘नजरेच्या टप्प्यात उडवलेलं’ अशीच आहे. गावापासून लांब, नांगरलेलं, माणूस-जनावर नसलेलं रान त्यांनी नक्की केलं.

पट्टा चांगला की गिअर, याचा निकाल त्या शेडात लागला नाही, आणि लागायची गरजही नव्हती. धुळीच्या गावात, पहिल्यांदा उडवायला शिकणाऱ्यानं पट्टा आणि जोडतार घ्यावी. हात बसलेल्यानं गिअर घ्यावेत आणि जादा जोडी जवळ ठेवावी. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते आपल्या गावागावांत पत्रा वाकवून, मोटार गुंडाळून, भंगारातून यंत्रं उभी करणाऱ्या प्रत्येक हातासाठी आहे. तुमचं यंत्र कशामुळे चालतं हे तुम्हाला ठाऊकच असतं. त्यात पहिल्यांदा काय तुटेल, आणि ते तुटेल तेव्हा माणूस कुठे उभा असेल, या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. ती लिहून होईपर्यंत यंत्र सुरू करू नका. आणि शेपूट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन एकदा फिरवून घ्या.